सँ पिएर (मार्टिनिक): 8 मे 1902 च्या आधी शहर रिकामं का झालं नाही?

नकाशेवाला:
कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक या फ्रेंच बेटावरचं सँ पिएर 8 मे 1902 ला पेले ज्वालामुखीने उद्ध्वस्त केलं. त्यावर मी लेख लिहितो आहे. या गावाबद्दल मराठीत जे काही सापडतं त्यात तीन गोष्टी हमखास असतात. एक, लाव्हा आला आणि शहर गिळून गेला. दोन, निवडणूक तोंडावर होती म्हणून गव्हर्नरने सैनिक उभे करून लोकांना बाहेर पडू दिलं नाही. तीन, सगळ्या शहरात फक्त एक कैदी वाचला.

नकाशा उघडला तर शंका येते. पेले ज्वालामुखीचं मुख आणि गाव यांच्यात साधारण सात किलोमीटर आहेत, आणि मधे दोन-तीन नद्यांच्या घळी आडव्या जातात. लाव्हा एवढं ओलांडून आला तरी लोकांना चालत निघून जाता आलं असतं. मग माणसं मेली कशाने? निवडणुकीची गोष्ट कितपत खरी? आणि बेटाची राजधानी फोर-द-फ्रान्स असताना एवढं मोठं शहर ज्वालामुखीच्या पायथ्याशी वाढलंच का?

कातळ:
शंका रास्त आहे. लाव्हा शहरात आलाच नाही.

सह्याद्रीचा बेसॉल्ट डोळ्यासमोर असला की ज्वालामुखी म्हणजे पसरत जाणारा रस असं वाटतं. बेसॉल्टमध्ये सिलिका (वाळूतला मुख्य घटक) 50 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे तो पातळ. पेलेचा खडक अँडेसाइट, सिलिका 60 टक्क्यांच्या घरात. अटलांटिकचा तळ वर्षाला साधारण 2 सेंटिमीटरने कॅरिबियन प्लेटखाली (भूकवचाच्या मोठ्या तुकड्याखाली) सरकतो आहे आणि तिथून वर येणारा रस चिकट, वायूने भरलेला असतो. तो वाहत नाही. मुखाशी घुमटासारखा साचतो, खालचा दाब अडवून धरतो आणि कधीतरी फुटतो किंवा ढासळतो. तेव्हा जो बाहेर पडतो तो राख, दगड आणि तापलेल्या वायूंचा लोंढा. हवेपेक्षा जड असल्यामुळे तो वर न जाता उताराला लागतो. वेग ताशी दीडशे किलोमीटर धरला तरी सात किलोमीटरला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि बहुतेक अंदाज याहून जास्तच आहेत.

आता घळींचा प्रश्न. खरी मेख इथेच आहे. लोंढ्याचे दोन भाग असतात. दगडधोंड्यांचा जड भाग खाली राहतो आणि दरी धरून जातो. त्या दिवशी तो रिव्हिएर ब्लांश या नदीच्या दरीतून शहराच्या उत्तरेला समुद्रात उतरला. वरचा भाग म्हणजे बारीक राख आणि वायूंचा पातळ पण भयानक तापलेला ढग. त्याला दरीची भिंत अडवू शकत नाही. तो काठ ओलांडून सरळ शहरावर गेला. हा ढग जड भागापासून सुटून गेला की मुखातूनच दक्षिणेकडे तिरका फेकला गेला, यावर भूशास्त्रज्ञांचे दोन पक्ष आहेत. शहराच्या दृष्टीने परिणाम एकच.

म्हणूनच शहरात त्या स्फोटाचा थर आश्चर्य वाटावं इतका कमी आहे, मीटरभरही नाही. इटलीतल्या पाँपेईसारखं राखेखाली गाडलं जाणं इथे झालं नाही. माणसं तापलेली राख आणि वायू श्वासात गेल्याने आणि भाजून मेली, बहुतेक जण मिनिटा-दोन मिनिटांत. त्यानंतर आग. गोदामांत रमची पिंपं होती, त्यामुळे ती आग विझेना.

भिंतींवरूनही हे वाचता येतं. ढग उत्तरेकडून आला. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या भिंती त्याच्या रेषेत होत्या, त्यातल्या बऱ्याच उभ्या राहिल्या. पूर्व-पश्चिम भिंतींनी तो छातीवर घेतला आणि हातभर जाडीच्या दगडी भिंतीही आडव्या झाल्या. नुसता अंगावर राख पडून असा दिशेचा फरक पडत नाही.

रोजनिशी:
कातळ यांनी खडकाचं सांगितलं, आता तारखा. तारखा ओळीने लावल्या की निवडणुकीची गोष्ट आपोआप लहान होते.

1902 च्या सुरुवातीपासून गंधकाचा वास येत होता. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हादरे आणि राख सुरू झाली. डोंगरावर एतां सेक नावाचं जुनं मुख होतं, एरवी कोरडं. 27 एप्रिलला वर गेलेल्यांना ते पाण्याने भरलेलं दिसलं. त्याच दिवशी खाली फ्रेंच संसदेच्या निवडणुकीची पहिली फेरी होती. दुसरी फेरी 11 मे ला ठरली होती.

2 मे च्या रात्रीपासून शहरावर दाट राख पडायला लागली. 5 मे ला दुपारी एतां सेकचा काठ फुटला. उकळतं पाणी आणि चिखल रिव्हिएर ब्लांशमधून खाली आला आणि नदीच्या तोंडाशी असलेला गेरँ यांचा साखर कारखाना गाडून टाकला. वीसहून जास्त माणसं गेली. चिखल समुद्रात घुसल्यामुळे पाणी आधी मागे हटलं आणि मग शहराच्या सखल भागात शिरलं.

7 मे ला दीडशे किलोमीटरहून जास्त दक्षिणेला सेंट व्हिन्सेंट बेटावरचा सूफ्रिएर फुटला. तिथे सुमारे 1,600 माणसं मेली. सँ पिएरमध्ये मात्र ती बातमी दिलाशाची ठरली, कारण तिकडे वाफ निघाली म्हणजे इकडचा दाब कमी होणार असा समज होता. दोन्ही डोंगरांचा खाली काहीही संबंध नाही.

त्याच दिवशी गव्हर्नर लुई मुते बायकोला घेऊन फोर-द-फ्रान्सहून सँ पिएरला आले. त्यांनी नेमलेल्या समितीने मत दिलं की मुख आणि दऱ्यांची तोंडं ज्या दिशेला आहेत ते पाहता शहराला धोका नाही. समितीत तिथल्या माध्यमिक विद्यालयाचे शास्त्राचे प्राध्यापक गास्तों लांद होते. दुसऱ्या दिवशी, 8 मे, येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या गुरुवारी, सकाळी आठच्या सुमारास गव्हर्नर, त्यांची पत्नी आणि लांद हे सगळेच शहराबरोबर गेले. एकूण मृत्यू साधारण 28,000 धरतात.

सैनिकांनी रस्ते अडवल्याचा विश्वासार्ह पुरावा नाही. ही गोष्ट नंतर रंगत गेली. जो गव्हर्नर स्वतःच्या बायकोला तिथे घेऊन जातो त्याला धोका कळलेला होता असं म्हणणं अवघड आहे. आणखी एक आकडा पाहा. शहराची वस्ती 26,000 च्या आसपास होती आणि मृत्यू त्याहून जास्त. काही लोक निघून गेले होते हे खरं, पण डोंगराच्या अंगाखांद्यावरच्या खेड्यांतून त्याहून जास्त लोक शहरात आले होते, कारण शहर सुरक्षित वाटत होतं. तिथे अन्न होतं, चर्च होती, दवाखाना होता. किनाऱ्याने फोर-द-फ्रान्सला बोटीही चालू होत्या. अडवलेल्या शहरात माणसं वाढत नाहीत.

निवडणुकीचा काहीच संबंध नव्हता असंही म्हणू नये. प्रशासनाला गडबड नको होती आणि स्थानिक वर्तमानपत्र लोकांना धीर देत होतं. पण मुख्य कारण समितीच्या त्या एका वाक्यात आहे. त्यांनी दऱ्यांचा नकाशा वाचला आणि बरोबर वाचला! चिखल 5 मे ला दरीतूनच गेला होता. दरी ओलांडणारं काही असू शकतं हे तेव्हाच्या शास्त्राला ठाऊक नव्हतं. 1792 आणि 1851 चे स्फोट वाफेचे आणि किरकोळ, शहरावर थोडी राख टाकून थांबलेले. आठवणीत तेवढंच होतं. या प्रकाराला शास्त्रीय नाव आणि नीट वर्णन मिळालं ते आल्फ्रेद लाक्रवा यांच्याकडून, जे आपत्तीनंतर फ्रान्सहून पाठवले गेले. त्यांनी वापरलेला 'न्युए आर्दांत' (धगधगता ढग) हा शब्द आजही पुस्तकांत आहे.

साप आणि मुंग्या डोंगरावरून उतरून शहरात शिरल्या, सापांनी पन्नास माणसं मारली वगैरे मजकूरही फिरतो. लेखात घेऊ नका, आकडे कुठून आले ते कुणी दाखवत नाही.

नकाशेवाला:
दोघांचेही आभार. कैद्याचं राहिलं. आणि शहर तिथेच का, हेही.

दर्यावर्दी:
शहर तिथे का, हे समुद्राकडून पाहिलं की कळतं.

पिएर बेलँ देनांब्यूक 1635 मध्ये सेंट किट्सहून माणसं घेऊन आला आणि इथे उतरला. बेटाची पश्चिम बाजू म्हणजे ईशान्य व्यापारी वाऱ्यांच्या आडोशाची बाजू. पेले आणि मागचे डोंगर वारा अडवतात, समोरचं पाणी वर्षातले बरेच महिने तलावासारखं शांत असतं. किनारा उताराचा, त्यामुळे मोठी जहाजं जमिनीच्या अगदी जवळ येऊ शकतात. डोंगरावरून उतरणारी रोक्सलान नदी गोडं पाणी देते, आणि जहाजाला बंदरात सगळ्यात आधी लागतं तेच. ज्वालामुखीच्या मातीत ऊस उत्तम येतो. साखर आणि रम भरून पाठवायला यापेक्षा सोयीची जागा बेटावर नव्हती.

पण हे बंद बंदर नाही, उघडा किनारा आहे. धक्का नाही. जहाजं किनाऱ्याकडे दोर बांधून ओळीने उभी राहायची आणि पिंपं होड्यांतून वाहून न्यायची. वादळाच्या ऋतूत पश्चिमेकडून लाट आली तर पळायला जागा नाही. म्हणून जुलै ते ऑक्टोबर जहाजांना फोर-रॉयालच्या बंदिस्त खाडीत हलावं लागे. फोर-रॉयाल म्हणजेच आजचं फोर-द-फ्रान्स. ऑक्टोबर 1780 च्या महावादळात समुद्र सँ पिएरमध्ये घुसला, बेटावर सुमारे 9,000 मृत्यू सांगतात. त्यामुळे दोन शहरांची वाटणी झाली. किल्ला, आरमार आणि कारभार खाडीवर, पैसा आणि व्यापार सँ पिएरला. राजधानी वेगळी असूनही मोठं शहर हेच राहिलं, ते याच कारणाने. 1902 च्या आधी इथे 1786 साली बांधलेलं नाटकगृह होतं, घोड्यांची ट्राम होती, वनस्पती उद्यान होतं.

पैसा कुणाच्या घामाचा हेही लिहा. तो गुलामांचा होता. पॅरिसमध्ये 27 एप्रिल 1848 ला गुलामगिरी रद्द करण्याचा हुकूम निघाला, पण जहाजाने तो पोचायच्या आतच 22 मे ला सँ पिएरमध्ये उठाव झाला आणि 23 मे ला गव्हर्नर रोस्तोलां यांना इथेच मुक्ती जाहीर करावी लागली. मार्टिनिकमध्ये आजही 22 मे ची सुट्टी असते.

त्यानंतर मळ्यांवर माणसं कमी पडली आणि करारावर मजूर आणले गेले. भारतातून पहिलं जहाज 'ओरेली' मे 1853 मध्ये याच सँ पिएरला लागलं. पुढच्या तीस वर्षांत सुमारे 25,000 भारतीय आले, मुख्यतः पाँडिचेरी-कारैकल बाजूने, म्हणजे बहुतांशी तमिळ. बेटाच्या उत्तर भागात त्यांची देवळं अजून आहेत. मराठी वाचकाला दुवा हवा असेल तर तो एवढाच, उगाच कोकण जोडू नका.

8 मे च्या सकाळी किनाऱ्यासमोर डझनाहून जास्त जहाजं होती. 'रोराइमा' त्या सकाळीच आली होती. ती पेटली आणि नंतर बुडाली, थोडीच माणसं वाचली. ब्रिटिश 'रॉडॅम' तेवढी निसटली. तिच्या बॉयलरमध्ये वाफ तयार होती, म्हणून कप्तान फ्रीमन यांनी नांगराचे साखळदंड सोडून दिले आणि भाजलेल्या हातांनी जहाज सेंट लुशियाला नेलं. बाकीच्यांना वाफ करायला वेळ मिळाला नाही. शिडाची जहाजं तर वारा नसताना हलणारच नव्हती, आडोशाचं तेच शांत पाणी तिथे अंगाशी आलं. दुपारी 'स्यूशे' ही फ्रेंच युद्धनौका आली आणि तिने पाण्यातले जिवंत लोक उचलले. म्हणजे 'एकच वाचला' हे जहाजं मोजली तरी खोटं ठरतं.

कातळ:
जमिनीवरसुद्धा एकच नाही. दोन नावं नक्की आहेत.

लुई-ओग्युस्त सिपारिस हा कैदी. त्याची कोठडी अजून उभी आहे, नाटकगृहाच्या अवशेषाला लागून. पाहिलं की तो का वाचला ते कळतं. दगडी, जाड भिंतींची, ठेंगणी खोली. खिडकी नाही. हवेसाठी दाराच्या बाजूला लहान जाळीचं भोक, आणि ते तोंड डोंगराच्या विरुद्ध दिशेला. ढग वरून गेला, आत फक्त जाळीतून आलेली तापलेली हवा आणि राख पोचली. तेवढ्यानेही तो खोलवर भाजला. तीन-चार दिवसांनी ढिगाऱ्यातून आवाज आला म्हणून सापडला. पुढे बार्नम अँड बेली सर्कशीने त्याला अमेरिकेत फिरवला, आणि 'एकमेव वाचलेला माणूस' ही जाहिरात तिथली आहे. जाहिरातीचं वाक्य इतिहासात गेलं.

दुसरा लेओं कोंपेर-लेआंद्र, चांभार. त्याचं घर शहराच्या कडेला होतं. ढगाची कड सरळ रेषेत नसते. मध्यभागी सगळं संपतं आणि शंभर-दोनशे मीटर बाजूला माणूस भाजून जगू शकतो. तोही भाजला, पण चालत बाहेर पडला.

एक गोष्ट लेखात नक्की घ्या. स्फोट 8 मे ला संपला नाही. 20 मे ला तेवढाच मोठा दुसरा ढग आला आणि उभ्या राहिलेल्या बऱ्याच भिंती त्याने पाडल्या. 30 ऑगस्टला तिसरा, आणि तो पूर्वेकडच्या मोर्न रूज या गावावर गेला. तिथे हजाराहून जास्त मेले. सँ पिएरची राख साडेतीन महिन्यांपूर्वी समोर दिसलेली असताना हे झालं, म्हणून माझ्या मते मोर्न रूजचा दोष प्रशासनावर सँ पिएरपेक्षा जास्त जातो. मे मध्ये माहिती नव्हती. ऑगस्टमध्ये होती.

नंतर मुखातून घट्ट झालेल्या खडकाचा एक सुळका वर सरकत गेला, 1903 मध्ये 300 मीटरच्या वर पोचला आणि कोसळला. 1929 ते 1932 पुन्हा उद्रेक झाला, पण तेव्हा शहर आधीच रिकामं केलं होतं.

रोजनिशी:
याच्या उलट बाजूचं उदाहरण शेजारच्या ग्वादलूपमध्ये आहे. 1976 मध्ये तिथला सूफ्रिएर (सेंट व्हिन्सेंटचा नव्हे, त्याच नावाचा दुसरा ज्वालामुखी) कुरकुरू लागला तेव्हा सँ पिएर आठवून सुमारे 70,000 लोक हलवले, काही महिने बाहेर ठेवले, आणि मोठा स्फोट झालाच नाही. शास्त्रज्ञांत भांडणं झाली, लोकांचे धंदे बुडाले. लेखात दोन्ही शेजारी ठेवलीत तर वाचकाला निर्णय किती अवघड असतो ते दिसेल. नाहीतर 1902 चे लोक मूर्ख होते एवढंच हाती लागतं.

आजचं सँ पिएर म्हणजे साधारण 4,000 वस्तीचं गाव. 1910 मध्ये नगरपालिका रद्द करून ते शेजारच्या ल कार्बेला जोडलं होतं, 1923 मध्ये परत स्वतंत्र केलं. बरीच नवी घरं जुन्या भिंतींवरच उभी आहेत. तळमजल्याचा काळा दगड 1902 च्या आधीचा आणि वरचा सिमेंटचा, असं एकाच घरात दिसतं. डिसेंबर 2020 पासून पेलेवर पिवळा इशारा लावला गेला, कारण खालचे लहान भूकंप वाढले होते. 2023 मध्ये हा डोंगर आणि उत्तरेकडचे सुळके युनेस्कोच्या यादीत गेले.

नकाशेवाला:
लेखाचं सगळं मिळालं. प्रत्यक्ष जायचं ठरवलं तर काय लागतं? शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, काम होतं का?

दर्यावर्दी:
नाही, आणि इथेच लोक अडकतात. मार्टिनिक हा फ्रान्सचा भाग आहे, चलन युरो आहे, पण तो शेंगेन क्षेत्रात नाही. भारतीय पासपोर्टवर फ्रेंच वकिलातीकडून 'फ्रान्सच्या सागरापारच्या प्रदेशांसाठी' असा वेगळा व्हिसा लागतो, अर्ज करतानाच मार्टिनिक लिहावं लागतं. विमानं मुख्यतः पॅरिसहून, साडेआठ-नऊ तास. बरीच ओर्ली विमानतळावरून सुटतात आणि भारतातून येणारं विमान शार्ल द गोलला उतरतं. म्हणजे शहरातून जावं लागतं आणि त्यासाठी शेंगेन व्हिसाही हवा, तोही एकापेक्षा जास्त प्रवेशाचा. परतीला तुम्ही दुसऱ्यांदा शेंगेनमध्ये शिरता, एकाच प्रवेशाचा असेल तर येताना अडवतात.

फोर-द-फ्रान्सहून सँ पिएर 30 किलोमीटरच्या आसपास, गाडीने पाऊण ते एक तास. भाड्याची गाडी सोपी पडते. डिसेंबर ते एप्रिल कोरडे महिने.

गावात उत्तरेकडून सुरुवात करा, म्हणजे ढग आला त्याच दिशेने चालणं होतं. आधी फोर मोहल्ल्यातल्या चर्चचे अवशेष, मग रोक्सलानवरचा दगडी पूल, त्याच्या जवळ वेड्यांच्या दवाखान्याचे अवशेष, मग नाटकगृहाच्या पायऱ्या आणि कोठडी, आणि शेवटी दक्षिणेला मुयाज मोहल्ला, चर्च आणि तिच्यामागची स्मशानभूमी, जिथे सापडलेली हाडं एकत्र ठेवली आहेत. खिशात होकायंत्र ठेवा आणि कातळ यांनी सांगितलेल्या भिंतींच्या दिशा तपासा. पण 20 मे चा ढग आणि नंतरची डागडुजी लक्षात घ्या, प्रत्येक भिंत नियम पाळणार नाही. संग्रहालय फ्रँक पेरेट या अमेरिकन ज्वालामुखीतज्ज्ञाने 1933 मध्ये सुरू केलं, आता नव्या रूपात आहे. चर्चची वाकलेली घंटा तिथे आहे. ऊन अकरानंतर सोसत नाही, म्हणून संग्रहालय दुपारी आणि अवशेष सकाळी.

डोंगर चढायचा तर मोर्न रूजच्या बाजूने, एलरोंच्या वाहनतळापासून. तो सुमारे 800 मीटरवर आहे, माथा 1,397 वर. जाऊन-येऊन चार-पाच तास धरा. सातच्या आत निघा, कारण नऊ-दहापर्यंत ढग माथा झाकतात आणि ओल्या दगडावर पाय घसरतो. निघण्याआधी वाट चालू आहे का ते प्रशासनाच्या सूचनांत पाहा.

बुडालेल्या जहाजांवर डुबकी मारायचा विचार असेल तर 'रोराइमा' 50 मीटरच्या आसपास खोल आहे. नुकतं प्रमाणपत्र मिळवलेल्या डायव्हरची मर्यादा 18 मीटर असते, तेव्हा ते जहाज सोडा आणि स्थानिक क्लबला उथळ जागेवरची जहाजं दाखवायला सांगा.